टायर फुटणं ही 'देवाची करणी' नाही: पावसात बोरघाट उतरण्याआधी टायरवरचे आकडे वाचा

जुलैमधला शनिवार. सकाळपासून पाऊस. खालापूर टोलनाक्यावर लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली. थोडं अलीकडे खालापूर फाट्यावरून कर्जतच्या फार्महाऊसकडे वळणाऱ्या गाड्यांची वेगळी गर्दी. या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, गाडीत गाणी कोणती लावायची हे ठरलेलं असतं, भजी कुठे खायची हेही ठरलेलं असतं. पण गाडीच्या टायरवर लिहिलेला आकार काय आहे आणि आत हवा किती आहे, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील.

आणि मग कधीतरी बातमी येते, 'टायर फुटून एक्सप्रेस-वेवर अपघात'. आपण वाचतो, 'अरेरे, नशीब खराब' म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो.

पण टायर फुटणं खरंच नशिबाचा भाग आहे का? मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाचं उत्तर 2023 मध्येच दिलंय. ते उत्तर आहे 'नाही'. आज तो निकाल समजून घेऊ आणि त्यासोबत टायरचा योग्य आकार कसा निवडायचा, रुंद टायर लावले की गाडी पावसात जास्त पकडते का, परदेशातले नातेवाईक सांगतात ते 'विंटर टायर' इथे चालतील का, हेही बघू.

न्यायालयाने नेमकं काय म्हटलं?

गोष्ट 25 ऑक्टोबर 2010 ची. पुण्याहून मुंबईकडे एक कार निघाली होती. गाडीत तीन सहकारी होते आणि त्यातल्याच एकाची ती गाडी होती. वाटेत मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि एका 38 वर्षांच्या प्रवाशाचा जागीच मृत्यू झाला. घरात कमावणारा तो एकटाच होता.

कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. 2016 मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. कंपनीचा एक मुद्दा असा होता की टायर फुटणं ही 'अ‍ॅक्ट ऑफ गॉड', म्हणजे देवाची करणी आहे. त्यात चालकाचा निष्काळजीपणा नाही, मग भरपाई कशाची?

फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी हे अपील फेटाळलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हातात नसलेली नैसर्गिक घटना. टायर फुटणं त्यात बसत नाही. जास्त वेग, हवा कमी असणं, हवा जास्त असणं, जुने म्हणजे सेकंड हँड टायर आणि तापमान ही टायर फुटण्याची कारणं असतात. प्रवासाला निघण्याआधी टायरची अवस्था बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे.

म्हणजे तुमच्या गाडीचा टायर फुटला आणि शेजारी बसलेल्या मित्राला काही झालं, तर 'मी काय करणार, टायरच फुटला' ही सबब पुरणार नाही.

पण प्रत्येक वेळी टायरच फुटलेला असतो का?

नाही. 'टायर फुटला' हे अपघातानंतर सगळ्यात आधी दिलं जाणारं आणि सगळ्यात सोपं कारण आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस पेटून 25 प्रवाशांचा मृत्यू झाला. सुरुवातीला चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणून दोन टोकं टाळायची. टायर म्हणजे सगळ्या अपघातांचं मूळ, असंही नाही आणि टायरचं काही आपल्या हातात नाही, असंही नाही. टायरच्या बाबतीत जे आपल्या हातात आहे, त्याची सुरुवात टायरवर छापलेल्या आकड्यांपासून होते.

टायरवर लिहिलेलं वाचायचं कसं?

गाडीजवळ जा आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर बघा. असं काहीतरी लिहिलेलं असेल: 185/65 आर15 88एच. यातला एकेक तुकडा सुटा करून बघू.

185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची. पण ही मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे इथे साधारण 120 मिलिमीटर. हा आकडा जितका कमी, तितका टायर चपटा दिसतो. रील्समध्ये दिसणारे पातळ पट्टीसारखे 'लो प्रोफाइल' टायर ते हेच.

आर म्हणजे रेडियल. आज कारचे जवळपास सगळे टायर याच बांधणीचे असतात.

15 म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. हो, एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असं तिन्ही आहे.

88 म्हणजे वजन पेलण्याचा क्रमांक. 88 म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 560 किलो. 82 असेल तर 475 किलो, 91 असेल तर 615 किलो.

एच म्हणजे वेगाची मर्यादा. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी म्हणजे 190, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240.

आता तुम्ही म्हणाल, एक्सप्रेस-वेवर कारला सपाट भागात 100 आणि घाटात 60 ची मर्यादा आहे, मग 180 वाला टायर काय आणि 210 वाला काय? वेगाचं अक्षर म्हणजे तेवढ्या वेगाने चालवायचा परवाना नाही. तो टायर किती उष्णता सहन करू शकतो याचा तो अंदाज असतो. म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा आणि वजनाच्या क्रमांकापेक्षा खालचा टायर घ्यायचा नाही. वरचा चालतो.

वजनाचा क्रमांक तर सगळ्यात दुर्लक्षित. पाच माणसं, डिकीत बॅगा, वर कॅरिअरवर सामान आणि समोर घाट. टायरची खरी परीक्षा तेव्हा होते.

आकार बदलायचा असेल तर?

अनेकांना गाडी घेतल्यावर टायर बदलायची इच्छा होते. कधी दिसण्यासाठी, कधी 'रुंद टायर घेतला की पकड वाढते' असं कोणी सांगितलं म्हणून. इथे एक नियम डोक्यात ठेवा. चाकाचा एकूण व्यास बदलता कामा नये.

याचं उत्तम उदाहरण रस्त्यावर रोज दिसतं. मारुती स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला 165/80 आर14 टायर येत आले आहेत आणि वरच्या व्हेरिएंटला 185/65 आर15. आकडे बघून वाटतं, दोन्ही चाकांत केवढा फरक असेल. हिशोब करून बघू.

पहिल्या टायरची भिंत 165 च्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. वर एक, खाली एक, म्हणजे 264. त्यात 14 इंची रिमचे 355.6 मिळवा. एकूण 619.6 मिलिमीटर.

दुसऱ्या टायरची भिंत 120.25, दोन्ही मिळून 240.5. त्यात 15 इंची रिमचे 381. एकूण 621.5 मिलिमीटर.

फरक दोन मिलिमीटरपेक्षाही कमी. रिम मोठा झाला, टायर रुंद झाला, भिंत छोटी झाली, पण चाक तेवढंच राहिलं. कंपनी स्वतः आकार बदलते तेव्हा असं बदलते.

आता दुकानात कोणी सांगितलं, '185 ऐवजी 205 टाका, बाकी 65 आर15 तेच राहू द्या, मस्त भरीव दिसेल.' हिशोब केला तर या चाकाचा व्यास होतो 647.5 मिलिमीटर. म्हणजे मूळ चाकापेक्षा चार टक्क्यांहून जास्त मोठं. याने काय होतं?

एक, चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा आधी दाखवायचा त्यापेक्षा चार टक्के कमी दाखवू लागतो. एक्सप्रेस-वेवर 2024 पासून कॅमेरे वेग टिपतात, तिथे चलान फाटल्यावर 'माझा काटा तर शंभरच्या आत होता' म्हणून उपयोग नाही.

दोन, घाट उतरताना आपण खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवतो, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. चाक मोठं झालं की ही पकड तेवढी सैल होते आणि ब्रेकवर जास्त भार येतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे. तिथून खोपोलीला उतरताना हा फरक पायाला जाणवतो.

तीन, गाडी भरलेली असताना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढणारा रस्ता आठवा. तिथे प्रत्येक वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरतं.

चार, एबीएससारख्या यंत्रणा मूळ चाकाच्या मापावर जुळवलेल्या असतात.

आकार बदलायचाच असेल तर सगळ्यात सुरक्षित मार्ग एकच. तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने जो आकार दिलाय तोच घ्या, त्यासाठी सांगितलेल्या रिमसकट. हे आकार गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतात.

रुंद टायर पावसात जास्त पकडतो?

सगळ्यात जास्त गैरसमज याच प्रश्नात आहे. कोरड्या रस्त्यावर रुंद टायरचा फायदा होतो, वळणावर गाडी जास्त स्थिर वाटते. पण पाऊस पडला की चित्र बदलतं.

रस्त्यावर पाण्याचा थर असेल तर टायरला आधी ते पाणी बाजूला सारावं लागतं, तरच रबर रस्त्याला टेकतं. टायरवरची नक्षी त्यासाठीच असते. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याच्या वाटेत येतं आणि ते मधून कडेला ढकलायला जास्त वेळ लागतो. वेग जास्त असेल तर हा वेळ मिळत नाही. टायर पाण्यावर चढतो आणि तरंगायला लागतो. याला 'अ‍ॅक्वाप्लेनिंग' म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. गाडी तुमच्या ताब्यात नसते.

हे कधी होतं? अमेरिकेच्या नासा संस्थेने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघालं. त्यात टायरमधल्या हवेचा दाब हा मुख्य घटक आहे. त्या सूत्राने हिशोब केला तर 32 पीएसआय हवा असलेला टायर ताशी साधारण 94 किलोमीटरला तरंगायला लागू शकतो. हवा 20 पीएसआयवर आली असेल तर हाच वेग साधारण 75 पर्यंत खाली येतो. कारचा टायर, त्याची नक्षी आणि पाण्याची खोली यानुसार हे आकडे बदलतात, त्यामुळे हे तंतोतंत धरू नका. दिशा मात्र लक्षात ठेवा. हवा कमी आणि नक्षी झिजलेली असेल, तर आपण ज्याला 'आरामात चाललोय' म्हणतो त्या वेगातही गाडी तरंगू शकते.

रुंद टायरसोबत मोठा रिम आणि चपटी भिंत आली की आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या आतल्या रस्त्यांवर पाणी साचलं की खड्डा दिसत नाही. चाक त्यात आदळलं की जाड भिंत धक्का पचवते, पातळ भिंत रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चेमटते. आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला फुगा आलेला दिसतो. पंक्चरवाला हा फुगा दुरुस्त करू शकत नाही. तो टायर बदलायचा. फुगा आलेला टायर घेऊन एक्सप्रेस-वेवर जाणं म्हणजे कधी फुटेल याची वाट बघणं.

मग 'विंटर टायर' लावले तर?

जर्मनी, कॅनडातले नातेवाईक व्हिडिओ कॉलवर सांगतात, 'आम्ही थंडी आली की टायरच बदलतो.' खरं आहे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर विंटर टायरशिवाय गाडी चालवता येत नाही आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर त्यासाठी ग्राह्य धरतात. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत.

पण विंटर टायरचं रबर तापमान साधारण 7 अंशांच्या खाली गेल्यावरही मऊ राहावं असं बनवलेलं असतं. कर्जतला पहाटे शेकोटी पेटत असली तरी दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. आपल्या उन्हात, सिमेंटच्या तापलेल्या एक्सप्रेस-वेवर हे मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागेल. त्यामुळे विंटर टायर इथे नकोत.

त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तिकडे अनेक जण हिवाळ्यासाठी टायर निवडताना कंपनीने परवानगी दिलेल्या आकारांपैकी अरुंद आकार घेतात. कारण तेच, अरुंद टायर बर्फाचा चिखल आणि पाणी कापून रस्त्यापर्यंत लवकर पोहोचतो. ज्यांच्या रस्त्यावर हवामान खरंच जिवावर उठतं, ते लोक टायर दिसण्यासाठी निवडत नाहीत. आपला बोरघाटातला पाऊस त्याच प्रकारचा आहे.

मग टायर फुटतो तरी कशाने?

बहुतेकांना वाटतं, हवा जास्त झाली की टायर फुग्यासारखा फुटतो. जास्त हवा वाईटच. त्याने टायर मध्येच टेकतो, पकड कमी होते आणि खड्ड्याचा मार जास्त बसतो. पण जास्त धोका बहुतेक वेळा उलट बाजूने येतो.

हवा कमी असली की प्रत्येक फेरीत टायरची भिंत जास्त वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होऊन तुटते, तसंच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण 94 किलोमीटरचा आहे. भरलेली गाडी, सलग वेग, गरम रस्ता. तासाभरात ही उष्णता आतले थर सुटे करू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मग एकदम आवाज येतो.

हवा किती हवी, हे टायरवर लिहिलेलं नसतं. टायरच्या भिंतीवर लिहिलेला पीएसआयचा आकडा हा कमाल दाब असतो, तेवढी हवा भरायची नसते. योग्य आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर दिसणाऱ्या स्टिकरवर असतो, आणि तिथे बऱ्याचदा दोन आकडे असतात. एक दोघे-तिघे असताना, दुसरा गाडी पूर्ण भरलेली असताना. फिरायला निघताना दुसरा बघायचा.

हवा थंड टायरवर तपासा, म्हणजे निघताना घराजवळच्या पंपावर. घाट उतरून आल्यावर दाब वाढलेला दिसला तर हवा काढू नका. गरम झाल्यावर चार-पाच पीएसआय वाढणं नेहमीचंच आहे. तेव्हा हवा काढली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरल्याने दाब थोडा हळू कमी होतो, एवढाच फायदा. नायट्रोजन भरलाय म्हणून महिनोन्महिने न तपासणं यापेक्षा दर पंधरा दिवसांनी फुकटची हवा तपासणं कधीही चांगलं.

टायर कधी बदलायचा?

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असायला हवी. नव्या टायरची ती साधारण 7-8 मिलिमीटर असते. मोजपट्टीची गरज नाही. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायर संपला, म्हणजे आपल्या भाषेत 'गोटा' झाला. पण पावसासाठी तिथपर्यंत थांबू नका. 3 मिलिमीटरच्या आसपास आला की पाणी बाहेर फेकायची ताकद बरीच कमी झालेली असते.

दुसरी गोष्ट वय. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा एक क्रमांक असतो. 2323 असेल तर 2023 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. ही खूण खास करून दोन प्रकारच्या लोकांनी बघावी. एक, ज्यांची गाडी फारशी चालत नाही. कर्जतच्या सेकंड होमच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर दिसेल, पण रबर म्हातारं झालेलं असेल. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दोन, जे स्वस्तात सेकंड हँड टायर घेतात. न्यायालयाने सांगितलेल्या कारणांत सेकंड हँड टायर होते, हे विसरू नका.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागे टाका. गाडीला ओढणारी चाकं पुढची असली तरीही. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, तुम्ही वेग कमी करून सावरू शकता. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते.

स्टेपनीकडेही बघा. अलॉय व्हील असलेल्या अनेक गाड्यांची स्टेपनी छोटी असते. अशा स्टेपनीवर सहसा ताशी 80 चं स्टिकर असतं. ती फक्त पुढच्या टायरवाल्यापर्यंत पोहोचण्यासाठी असते. त्यावर वीकेंड काढायचा नसतो.

हे तपासायची जबाबदारी कोणाची?

न्यायालयाच्या मते चालकाची किंवा मालकाची. पण सरकारच्या बाजूने काय होतं?

व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी करावी लागते. खासगी कारची नोंदणी मात्र एकदम 15 वर्षांसाठी होते. धूर तपासायला पीयूसी आहे, पण टायर तपासायला या 15 वर्षांत एकदाही सक्तीची तपासणी नाही. टायर बनवणाऱ्यांसाठी नियम कडक झालेत. आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून नव्या डिझाइनच्या टायरना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची परीक्षाही पास करावी लागते. पण कारखान्यातून चांगला निघालेला टायर पाच वर्षांनी कसा आहे, हे कोणी बघत नाही.

2023 मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायची मोहीम हाती घेतली होती, झिजलेले टायर असलेल्या गाड्या थांबवल्या होत्या. एक्सप्रेस-वेवरचे कॅमेरे वेग पकडतात, लेन तोडलेली पकडतात, सीटबेल्ट पकडतात. गोटा टायर त्यांना दिसत नाही. पावसाळ्याचे चार महिने, निदान शनिवार-रविवारी, घाटाच्या दोन्ही बाजूंना अशी तपासणी सुरू केली तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. 1.6 मिलिमीटरचा नियम आहेच.

विम्याचंही बघून ठेवा. साध्या कार पॉलिसीत नुसता टायर फुटला तर त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची भरपाई, तीही साधारण निम्मी. आणि गाडीत बदल करून ते कंपनीला कळवले नसतील, तर दाव्यात अडचण येऊ शकते.

तरीही टायर गेला तर?

5 जून 2016 ची पहाट. याच एक्सप्रेस-वेवर पनवेलजवळ शेडुंग इथे टायर खराब झाल्याने एक कार कडेला थांबली होती, मदतीसाठी दुसरी गाडीही थांबली होती. मागून आलेल्या खासगी बसने दोन्ही गाड्यांना धडक दिली. 17 जणांचा जीव गेला. टायरने कोणाला मारलं नव्हतं. चाक बदलण्यासाठी एक्सप्रेस-वेच्या कडेला थांबणं जिवावर बेतलं होतं.

म्हणून, चालत्या गाडीचा टायर फुटला तर जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळू सोडा. वेग आपोआप कमी झाला की डाव्या कडेला, शक्य तितकं रस्त्यापासून लांब थांबा. पार्किंग लाइट लावा. सगळ्यांनी गाडीतून उतरून संरक्षक कठड्याच्या पलीकडे उभं राहा. रिम खराब झाला तरी चालेल, पण वळणावर किंवा बोगद्यात थांबू नका. 112 वर फोन करा, कोणी जखमी असेल तर 108. वाहतं ट्रॅफिक असताना उजव्या बाजूचं चाक स्वतः बदलायचा हट्ट नको.

थोडक्यात, निघण्याआधी पाच मिनिटं

1. चारही टायरवरचा आकार दाराच्या स्टिकरवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकाराशी जुळतोय का?
2. वजनाचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं तर नाही ना?
3. भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा आहे का? स्टेपनीतही?
4. नक्षी 3 मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का? कुठे फुगा, चीर?
5. चार आकडी क्रमांकानुसार टायर किती वर्षांचा आहे?

खोपोलीत शीळफाट्याला किंवा कर्जतमध्ये कुठल्याही टायरवाल्याकडे हे तपासायला एका चहाइतका वेळ लागतो. पुढच्या शनिवारी खालापूरच्या रांगेत उभं राहण्याआधी तेवढा वेळ काढा. आणि ज्या ग्रुपवर लोणावळ्याचा प्लॅन ठरतोय, तिथे लोकेशनसोबत एक प्रश्नही टाका, 'गाडी कोणाची आहे, आणि टायर बघितलेत का?'